करंटचं झाड करंटं निघालं? या चुका टाळा

"चार वर्षं झाली, नुसती पानं येतात." "मागच्या वर्षी छान धरलं होतं, यंदा एक मणी नाही." "पानं पिवळी पडली म्हणून खत घातलं, तर आणखी पिवळी पडली." घरच्या बागेत करंट (आंबूस मण्यांचे घड धरणारं थंड हवेतलं झुडूप), गूजबेरी (आवळा नव्हे, करंटचंच भावंड), ब्लूबेरी लावणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून या तीनच. मीही तीच उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदा लिहून ठेवते. ही झुडपं सोपी आहेत यात शंका नाही. पण 'सोपी' याचा अर्थ 'सगळी सारखी' असा घेतला की घोटाळा होतो.

आधी नावाचा गोंधळ. किराणा दुकानात करंट म्हणून मिळतात ते बारीक काळे बेदाणे, म्हणजे वाळवलेली द्राक्षं. ग्रीसमधल्या कॉरिंथच्या नावावरून त्यांना करंट म्हणू लागले आणि पुढे दिसायला तसाच घड म्हणून या झुडपालाही तेच नाव चिकटलं. बेदाणे भिजवून पेरणारे लोक मला भेटलेत. काय उगवणार?

दुसरं, थंडी. काळ्या करंटला हिवाळ्यात सात अंशांच्या आसपास किंवा त्याखाली, जातीनुसार साधारण ८०० ते १५०० तास काढावे लागतात. तेवढी थंडी मिळाली नाही तर झुडूप मरत नाही, पण डोळे अर्धेमुर्धे फुटतात आणि फळाच्या नावानं शिमगा. आळ्यात बर्फ ओतण्याचे उपाय कृपा करून मला सांगू नका. हिवाळा नावालाच असेल तर तुती लावा. खोचलेली काडीसुद्धा फुटते आणि तक्रार करत नाही.

एकच कात्री सगळ्यांना

माझी सगळ्यात नावडती चूक हीच, कारण तिची किंमत मी स्वतः मोजली आहे.

एका रांगेत तीन काळे करंट आणि दोन तांबडे अशी माझी लागवड होती. पानगळ झाली की नवख्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. त्या हिवाळ्यात दीर राहायला आले होते. हाताला काम हवं म्हणाले. काळ्या करंटचं जुनं लाकूड बुडातून काढायचं असतं, एवढं मी त्यांना जेवताना बोलून गेले होते. दुपारी बाहेरून परत आले तर भावजी अंगणात कमरेवर हात ठेवून उभे. "वहिनी, सगळी रांग साफ करून टाकली बघा!" सगळी म्हणजे पाचही झुडपं, जमिनीपासून चार बोटं ठेवून. वर काड्यांची मोळीसुद्धा नीट बांधून ठेवलेली. बोलणार काय?

काळ्या करंटनं ते सोसलं. उन्हाळाभर बुडातून जोमदार काड्या आल्या आणि एका वर्षाच्या खाड्यानंतर झुडपं लगडली. तांबड्यांचं मात्र खोडच गेलं. बुडातून केरसुणीसारखे फुटवे उठले, त्यातले निवडून ठेवले, बाकीचे काढले, आणि पहिला बऱ्यापैकी घड तिसऱ्या उन्हाळ्यात दिसला. भावजी अजून म्हणतात, "पण तीन तर चांगलीच आली ना!"

मुद्दा एवढाच की फळ कुठल्या लाकडावर धरतं ते बघायचं. काळा करंट मुख्यतः मागच्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर धरतो. म्हणून दर हिवाळ्यात सगळ्यात जुन्या, काळपट सालीच्या फांद्यांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा बुडातून काढायचा. फिकट, गव्हाळ सालीच्या काड्या ठेवायच्या, कारण पुढचं पीक त्यांच्यावर आहे. तांबडा आणि पांढरा करंट, तसंच गूजबेरी, यांचा कारभार उलटा. यांचं फळ जुन्या फांद्यांवरच्या आखूड फुटव्यांवर आणि मागच्या वर्षीच्या वाढीच्या बुडाशी येतं. त्यांना वीतभर उघडं खोड ठेवून वर वाटीसारखा मोकळा आकार द्यायचा, आणि हिवाळ्यात बाजूच्या काड्या एका-दोन डोळ्यांवर आणायच्या. मुख्य फांद्यांची नवी वाढ झुडूप लहान असेपर्यंत निम्म्यावर.

पानं नसताना ओळखायचं कसं? काडी नखानं खरवडा. काळ्या करंटला एक उग्र वास येतो, काहींना तो मांजराचा वाटतो, मला आवडतो. तांबड्याला तसा वास नाही. त्याखेरीज मी तांबड्यांच्या खोडाला लाल दोरा बांधून ठेवते. पुस्तकात असं कोणी सांगत नाही, पण पुस्तक लिहिणाऱ्यांकडे भावजी येत नसावेत.

याच चुकीचं धाकटं भावंड लागवडीच्या दिवशीच जन्माला येतं. काळा करंट रोपवाटिकेतल्या मातीच्या खुणेपेक्षा पाचेक सेंटिमीटर खोल लावायचा, म्हणजे जमिनीखालून नव्या काड्या फुटतात. पानगळीनंतर लावलेलं रोप असेल तर त्याच दिवशी सगळ्या काड्या एका-दोन डोळ्यांवर कापायच्या. इथे लोकांचा हात थरथरतो. "अहो, एवढी छान वाढलेली आहे, थोडी तरी फळं येतील की!" येतील, मूठभर. त्या मुठीपायी मुळं धरायच्या आधीच झुडपाला फळं पोसावी लागतात आणि पुढची वर्षं ते लांब टांगांचं, बुडाशी उघडं राहतं. मी हात धुवायच्या आधीच कापून मोकळी होते. आत जाऊन आले की माझीही माया जागी होते. तांबडा करंट आणि गूजबेरी मात्र खोल पुरू नका, नाहीतर खोडाऐवजी फुटव्यांचं जंगल उठतं.

फुकटची काडी

करंटची छाट कलमं फार सहज लागतात. पानगळीनंतर पेन्सिलीएवढी जाड, २०-२५ सेंटिमीटरची काडी कापायची, काळ्याचे दोनच डोळे वर ठेवून बाकी जमिनीत. तांबड्याचे आणि गूजबेरीचे खालचे डोळे आधी काढून टाकायचे, म्हणजे खोड मोकळं राहतं. एवढं सोपं असल्यानं काड्यांची देवाणघेवाण खूप चालते आणि रोगही त्याच वाटेनं घरी येतो.

ओळखीच्या एका बागेतून मला बारा काड्या मिळाल्या होत्या. देणारी व्यक्ती कौतुकानं म्हणाली, "डोळे बघ, कसे टपोरे भरलेत!" खरंच टपोरे होते, वाटाण्यासारखे गोल. मीही भुलले. बाराच्या बारा लागल्या. वसंत आला, साध्या टोकदार डोळ्यांतून पानं उलगडली आणि ते टपोरे डोळे तसेच बसून राहिले, मग सुकले. तेव्हाही मला वाटलं, पाणी कमी पडलं असेल.

तो डोळ्यातला कोळी होता, म्हणजे माइट नावाची बारीक कीड. उघड्या डोळ्यांना न दिसणारा. एका फुगलेल्या डोळ्यात तो हजारोंनी असतो आणि वसंतात बाहेर पडून वाऱ्यावर, किड्यांच्या अंगावर बसून शेजारच्या झुडपावर जातो. तेवढ्यावर थांबला असता तर चाललं असतं, पण तो एक विषाणूही पसरवतो. त्यानं पानांचा आकार बदलतो, दातरे कमी होतात, कळ्यांवरची लव जाऊन त्या जास्त रंगीत दिसतात, आणि झुडूप हिरवंगार राहूनही फळ धरेनासं होतं. त्यावर औषध नाही. मी तीन वर्षं खत, पाणी, छाटणी सगळं केलं आणि पाचव्या वर्षी अख्खी रांग मुळासकट उपटली. जुनी, चांगली झुडपंसुद्धा त्यात गेली. याचं दुःख भावजींच्या पराक्रमापेक्षा जास्त आहे, कारण इथे कात्री माझ्याच हातात होती आणि कारण डोळ्यांसमोर होतं.

तेव्हा काळ्या करंटचा निरोगी डोळा निमुळता असतो, हे पक्कं लक्षात ठेवा. गोल, फुगीर डोळा म्हणजे संशय. हिवाळ्यात एखाद्या उन्हाच्या सकाळी मी प्रत्येक काडीवरून बोट फिरवत जाते. फुगलेले चार-दोन डोळे सापडले तर खुडून पिशवीत, कंपोस्टमध्ये नाही. फारच असले तर झुडूप जमिनीलगत कापून एक संधी देते. पानं बदलली आणि फळही घटलं, तर मग दया नको. नवी रोपं रोगमुक्त म्हणून प्रमाणित असलेलीच घ्या. 'बेन होप' ही जात या कोळ्याला चांगली दाद देत नाही. आणि नवी रांग जुन्या जागी लावू नका.

लावण्याआधी आपल्या भागातले नियमही बघून घ्या. पाच सुयांच्या पाइन वृक्षांवर पडणारा एक तांबेरा आपलं अर्धं आयुष्य करंट-गूजबेरीच्या पानांवर काढतो. त्यापायी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या झुडपांवर देशभर बंदी आली होती. ती १९६६ मध्ये उठली, तरी काही राज्यांत निर्बंध आजही आहेत.

ब्लूबेरीला 'चांगली माती' देणं

सुपीक, शेणखत घातलेली, राख मिसळलेली माती ब्लूबेरीला विष आहे. तिला मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचा आकडा) ४.५ ते ५.५ लागतो. त्यापेक्षा जास्त झाला की मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर माणूस आणखी खत घालतो. माझ्या मते सरळ मोठ्या कुंडीत आम्लधर्मी मिश्रण भरावं, पावसाचं पाणी साठवून तेच घालावं आणि विषय संपवावा. नळाचं पाणी कठीण असेल तर वर्षभरात सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. वापरलेली कॉफी पूड, लिंबाची सालं, व्हिनेगर हे सगळं करून बघणारे हमखास सामू मोजायचा कागद घ्यायला कंटाळलेले असतात. गंधकानं माती आम्ल होते, पण त्याला महिने लागतात, म्हणून ते लागवडीच्या बरंच आधी घालायचं असतं. आणि दोन वेगळ्या जाती जवळ लावा, फळं जास्त आणि मोठी येतात.

बाकीच्या चुका, पटापट

रासबेरीच्या सगळ्या काड्या दर हिवाळ्यात कापणं. शरद ऋतूत फळणाऱ्या जातीला हे चालतं. उन्हाळ्यात फळणारी जात मागच्या वर्षीच्या काडीवर धरते, तिची फळलेलीच काडी काढायची. आपली जात कुठली ते ठाऊक नसेल तर एक वर्ष कात्री खिशात ठेवा.

बुंध्याशी खुरपं चालवणं. या झुडपांची मुळं अगदी वरच असतात. तण हातानं उपटा आणि पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला, फक्त ते खोडाला टेकवू नका.

सगळ्यांना एकच खत. काळा करंट नत्राचा भुकेला. गूजबेरीला तेवढंच नत्र दिलंत तर लुसलुशीत शेंडे येतात आणि त्यांवर भुरी. पोटॅश द्यायचं तर सल्फेट ऑफ पोटॅश द्या. म्युरेट ऑफ पोटॅशमधलं क्लोराइड तांबड्या करंटला आणि गूजबेरीला सोसत नाही.

करंटच्या पानांवर लाल फोड दिसले की घाबरणं. तो मावा आहे. दिसतो भयंकर, पिकाचं नुकसान फारसं करत नाही. याउलट गूजबेरीची पानं रातोरात गेल्यासारखी वाटली, तर काळ्या ठिपक्यांच्या हिरव्या अळ्या शोधा. त्या झुडपाच्या पोटात, खालच्या पानांपासून सुरुवात करतात, म्हणून वरून बघणाऱ्याला आठवडाभर पत्ता लागत नाही. मी खाली जुनी चादर पसरते आणि फांद्या झटकते.

जाळी चुकीच्या वेळी. फुलोऱ्यात जाळी टाकाल तर मधमाश्या बाहेर, फळं लाल झाल्यावर टाकाल तर पक्षी आधीच जेवून गेलेले. फळं रंग धरू लागली की लगेच टाका आणि कडा जमिनीशी दाबा. तांबड्या करंटला हे जास्त लागू, तो दुरून दिसतो. फुलोऱ्याच्या रात्री दहिवर गोठण्याची भीती असेल तर मात्र जुनं कापड टाकायचं आणि सकाळी आठवणीनं काढायचं.

घाई करून तोडणं. काळा करंट काळा झाला म्हणजे पिकला असं नाही, रंग आल्यावर आठवडाभर थांबा. कच्चा तोडून "किती आंबट!" म्हणणाऱ्यांमुळे या फळाचं नाव खराब झालंय. पिकल्यावरही तो आंबूसच असतो, पण १०० ग्रॅम ताज्या फळात सुमारे १८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे, संत्र्याच्या तिपटीहून जास्त. दुसऱ्या महायुद्धात संत्री बोटीनं येईनात, तेव्हा ब्रिटननं १९४२ पासून लहान मुलांना याचंच सरबत फुकट वाटलं. तांबडा करंट पिकून आठवडा-दोन आठवडे झुडपावर टिकतो. त्याचा अख्खा घड देठासकट तोडायचा आणि मग काट्याच्या चमच्यानं मणी सोडवायचे, एकेक मणी तोडत बसलात तर निम्मे फुटतात.

काळ्याची तोडणी आणि छाटणी मी बऱ्याचदा एकत्रच उरकते. ज्या जुन्या फांद्या हिवाळ्यात जाणारच आहेत, त्या फळांसकट कापायच्या आणि सावलीत बसून घड काढायचे. हल्ली भावजी आले की हेच काम त्यांच्याकडे असतं. फांदी मी कापून आणते, ते खुर्चीत बसून मणी काढतात. कात्री माझ्या खिशात.