मिशिगनमध्ये नवीन आहात आणि मासेमारीसाठी बोट घ्यायचीय? आधी तळं ठरवा

डेट्रॉइटच्या आसपास, नोवाय, ट्रॉय, कँटन वगैरे भागात नोकरीसाठी आलेल्या आपल्या बऱ्याच लोकांना एकदोन उन्हाळ्यांत गळ टाकायचा नाद लागतो, काठावरून मासे मिळेनासे झाले की मग विचारणा सुरू होते, बोट कुठली घेऊ? माझ्या मते हा प्रश्नच उलटा आहे. कुठल्या पाण्यात जाणार ते आधी ठरवा, मग तिथला रॅम्प (ट्रेलरवरून बोट पाण्यात उतरवायचा उतार) बघून या, मग आपली गाडी किती वजन ओढते ते बघा, एवढं झालं की बोट जवळजवळ आपोआप ठरते.

इथे तळी हजारोंनी आहेत पण सगळी आपल्याला खुली नाहीत. ओकलंड काउंटीत कित्येक तळ्यांच्या चारी बाजूंनी घरं आहेत आणि पब्लिक रॅम्पच नाही, म्हणजे बोट असून पाण्यात उतरवता येत नाही. काही तळ्यांवर पेट्रोलचं इंजिन चालत नाही, फक्त इलेक्ट्रिक मोटर. केन्सिंग्टन मेट्रोपार्कमधलं केंट लेक चांगलं मोठं आहे, साधारण १२०० एकर, पण तिथे वेगमर्यादा ताशी १० मैल. तिथे १५० हॉर्सपॉवरची चकचकीत बास बोट (बास मासे पकडायची वेगवान बोट) नेणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर स्पोर्ट्स कार काढण्यासारखं आहे.

आता लेक सेंट क्लेअर. साधारण ४३० चौरस मैल पाणी आणि सरासरी खोली फक्त ११ फूट. उथळ म्हणजे सेफ असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, इथे ते सोडून द्या. मोठं आणि उथळ पाणी असलं की वारा सुटल्यावर लाटा उभ्या आणि एकीला लागून एक अशा येतात, बोटीला सावरायला वेळच मिळत नाही. उत्तरेकडचं ह्यूटन लेक, पूर्णपणे राज्याच्या आत असलेलं सगळ्यात मोठं तळं, वीस हजार एकर, तेही असंच उथळ. त्यामुळे खोलीपेक्षा वाऱ्याला मोकळं रान किती मिळतं ते बघा. खोलीचे नकाशे डीएनआरच्या (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) साइटवर फुकट आहेत, आणि पश्चिमेचा वारा असताना संध्याकाळी पूर्वेच्या काठावर जाऊन उभं राहिलात की बाकीचं दिसेलच.

मग बोटी. लहान तळ्यांवर एकट्याने जायचं असेल तर मासेमारीची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) बेस्ट, गाडीच्या टपावर जाते, ट्रेलर नको, मोटर नसेल तर नोंदणीही नको (इलेक्ट्रिक मोटर लावली की मात्र नोंदणी लागते). फक्त एप्रिल-मेमध्ये हवा छान असली तरी पाणी बर्फासारखं गार असतं, पडलात तर पहिल्या मिनिटातच श्वास आवरत नाही, तेव्हा लाइफ जॅकेट अंगात पाहिजे, सीटखाली ठेवून उपयोग नाही. सपाट बुडाची जॉन बोट स्वस्त, हलकी, गवताळ उथळ खाड्यांत मस्त, पण लाटांत ती आपटते आणि सगळं पाणी अंगावर घेते.

नवीन माणसाला माझं उत्तर बहुतेक वेळा एकच, १६ फुटी ॲल्युमिनियमची व्ही-हल (इंग्रजी V आकाराच्या बुडाची बोट) आणि २५ च्या आसपास हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन. पुढचा भाग लाट कापतो, दोनतीन माणसं नीट बसतात, आतल्या तळ्यांवर कुठेही चालते आणि वारा नसलेल्या सकाळी सेंट क्लेअरवर काठाकाठाने पण जाता येतं. बोटीवर कपॅसिटी प्लेट असते, किती माणसं, किती वजन आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर ते त्यावर लिहिलेलं असतं, ती वाचा. माणसांच्या आकड्यातून मी मनातल्या मनात एक कमी करतो, कारण कूलर, बॅटरी, अँकर आणि "आम्ही पण येतो" म्हणणारा भाचा हे सगळं वजनच आहे.

घरच्यांना घेऊन जायचं असेल, विशेषतः उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येणार असतील, तर पाँटूनचा (पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट) विचार करा. सपाट डेक, कठडा, सावली, डॉकवरून थेट पाय टाकून आत, गुडघे दुखणाऱ्या माणसाला व्ही-हलमध्ये उतरवणं हा वेगळाच कार्यक्रम असतो. पण पाँटून वाऱ्यात भरकटतं आणि ओढायला मोठी गाडी लागते, आधी दोनतीनदा भाड्याने घेऊन बघा.

गाडीचं म्हणाल तर आपल्याकडे सिएना नाहीतर ओडिसी मिनीव्हॅन असतेच, दोन्हींची ओढायची क्षमता ३५०० पौंडांपर्यंत, १६ फुटी बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून आरामात बसतं. छोट्या एसयूव्हीची बरेचदा १५०० पौंडच असते, तिथे काम काठावर येतं, गाडीचं मॅन्युअल उघडून आकडा बघा. आणि हो, एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी! कित्येक सबडिव्हिजनमध्ये ड्राइव्हवेवर बोट ठेवू देत नाहीत, ते पत्र यायच्या आधी नियम वाचा, नाहीतर महिन्याला स्टोरेजचं भाडं भरत बसाल.

जुनी बोट घेत असाल (पहिली जुनीच घ्या) तर रंगावर जाऊ नका. मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं, तिला ट्रान्सम म्हणतात आणि जुन्या ॲल्युमिनियमच्या बोटींत तिच्या आत प्लायवुड असतं जे कुजतं. इंजिन थोडं वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हाताने जोर द्या आणि फळीकडे बघत राहा, ती हलली किंवा वाकली तर नमस्कार करून निघा. मग बोटीतलं पाणी काढायच्या भोकाला बुच लावून बोटीत होजने दोनतीन इंच पाणी सोडा, जास्त नको, ट्रेलरवर भार येतो, आणि खाली वाकून रिव्हेट बघा, कुठून थेंब पडतायत ते लगेच कळतं. एकदोन गळके रिव्हेट असले तर चालतं, भाव करायला बरे. इंजिनला पाणी जोडून चालू करायला सांगा, बाजूने पाण्याची बारीक धार जोरात उडाली पाहिजे, ती नसेल तर बहुधा पंप गेलाय. ट्रेलरचं चाक उचलून हलवून बघा, खडखडलं तर बेअरिंग.

कागदपत्रांत बोटीची नोंदणी सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (जिथे गाडीची नोंदणी होते तेच ऑफिस), तीन वर्षांची, ट्रेलरची वेगळी. सरकारी रॅम्पला रिक्रिएशन पासपोर्ट (राज्याच्या पार्कांचा गाडीचा प्रवेश पास) लागतो. १ जुलै १९९६ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मोटरबोट चालवायला बोटिंग सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं, ऑनलाइन होतं. रॅम्पवरून निघताना बुच काढून सगळं पाणी सोडायचं हा राज्याचा कायदा आहे, झेब्रा मसल (बाहेरून येऊन पसरलेले छोटे शिंपले) एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून.

घ्यायची वेळ म्हणाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर, तेव्हा लोकांना हिवाळ्याचं स्टोरेज नको असतं आणि भाव उतरतात. फक्त "विंटराइज केलीय (हिवाळ्यासाठी इंजिन बंद करून ठेवलंय), आता चालू करता येणार नाही" असं कोणी म्हणालं तर एप्रिलपर्यंत थांबा किंवा दुसरी बघा.