‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असं कोर्टात विचारतात तेव्हा

मी तालुका कोर्टात विधी सेवेच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी योजनेच्या, पॅनेलवर वकील आहे. पोरगं पोलिसांनी उचललं की आईबाप धावत येतात आणि थेट जामिनाचं विचारतात. ‘मारलंय का?’ म्हटलं की, ‘दिले असतील दोन-चार फटके, त्याशिवाय कोण कबूल होतं!’ २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचा आरोपी कोठडीत असताना पोलिसांच्या गोळीनं मेला, तेव्हा मिठाई वाटणारेही आपल्यातलेच होते. म्हणून आधी घरात एवढं ठरवा: आपल्या पोरानं चोरी केली की नाही हे कोर्ट बघेल, पण केली असली तरी मारायची परवानगी कायद्यानं कुणालाच दिलेली नाही.

मग घाई करा, कारण वळ विरतात. अटकेनंतर सरकारी डॉक्टरकडे तपासणी होते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक-तपासाचा कायदा, कलम ५३). शिपाई दारातच उभा असतो, त्यामुळे पोरगं गप्प बसतं आणि कागदावर ‘जखम नाही’ उमटतं. पट्टा बहुधा तळव्यांवर मारतात. चपला काढून तळवे दाखवायला आणि चालताना कळ येते हे बोलायला त्याला सांगा. अहवालाची प्रत त्याच्या हक्काची आहे, मागून घ्या.

चोवीस तासांच्या आत कोर्टात हजर करतात. न्यायाधीश तक्रार विचारतात आणि पोरगं ‘नाही’ म्हणतं. काय करणार? रात्री पुन्हा त्याच कोठडीत जायचं असतं. म्हणून हे त्याच्या तोंडावर सोडू नका. वकिलानं लेखी अर्ज द्यावा: कुठं, कधी, कशानं मारलं, फेरतपासणी करा, पोलीस कोठडी वाढवू नका. ‘साहेबांना कशाला दुखवता’ म्हणणारा वकील भेटला तर बदला. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन लावा.

त्याच अर्जात ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रीकरण राखून ठेवायला सांगा. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते १८ महिने, अगदीच जमलं नाही तर किमान वर्षभर जपायला सांगितलंय. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, पुढं फार कामाला येतं.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग नंतर. आयोगाकडे मात्र वर्षाच्या आत जा. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या, नाकारला तर रजिस्टर टपालानं पाठवून पावती सांभाळा.