ईव्हीत डॅशकॅम हार्डवायर करताय? आधी मल्टिमीटर आणा

सॉकेटमध्ये चार्जर खुपसून डॅशबोर्डवर वायर लोंबकळत ठेवली की डॅशकॅम चालतो, पण गाडी लॉक केली की बहुतेक गाड्यांत सॉकेट बंद, म्हणजे रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी बंपर घासून गेलं तर रेकॉर्डिंग शून्य. म्हणून लोक हार्डवायर करतात, म्हणजे फ्यूज बॉक्समधून थेट सप्लाय घेतात. पेट्रोल गाडीत हे काम कुठलाही ॲक्सेसरीवाला अर्ध्या तासात करून देतो, ईव्हीतही पद्धत तीच आहे पण दोनचार ठिकाणी भानगड वेगळी आहे आणि नेमकं तिथेच बरेच जण गंडतात.

पहिला गैरसमज म्हणजे खाली एवढी मोठी बॅटरी आहे, कॅमेरा खाऊन खाऊन किती खाणार. तर त्या मोठ्या बॅटरीचा आणि कॅमेऱ्याचा थेट काही संबंध नाही. ती शेकडो व्होल्टची, तिच्या केबल नारिंगी रंगाच्या, आणि नारिंगी दिसलं की हात मागे, त्यात चर्चा नाही. कॅमेरा, दिवे, लॉक, स्क्रीन, हॉर्न हे सगळं वेगळ्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि ती डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून (मोठ्या बॅटरीचे व्होल्ट उतरवून देणारा डबा) चार्ज होते, पण गाडी रेडीमध्ये म्हणजे चालायला तयार असताना, आणि बऱ्याच मॉडेलात चार्जिंगला लावली असताना. उभ्या गाडीत ती एकटीच असते. ती बसली तर मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच, जोडलेच जात नाहीत, म्हणजे गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली पण खाली चावीच फिरत नाही. स्क्रीनवर ८० टक्के दाखवून झोपलेली गाडी सकाळी रिमोटनेही उघडत नाही, बरेचदा चार्जिंगही घेत नाही, मग रिमोटच्या फॉबमधली लोखंडी किल्ली काढायची आणि १२ व्होल्टला जंप द्यायचा.

आता सामान. कॅमेऱ्याच्याच कंपनीचा हार्डवायर किट घ्या, त्यात १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा डबा असतो आणि तीन वायरी: एक कायम सप्लायची, एक एसीसीची म्हणजे गाडी चालू झाल्यावरच करंट येणारी, आणि एक अर्थची. बहुतेक ठिकाणी पिवळी कायम, लाल एसीसी, काळी अर्थ, पण काही कंपन्या लाल-पिवळीची अदलाबदल करतात तेव्हा रंगावर नाही तर किटच्या कागदावर विश्वास ठेवा. दोन फ्यूज टॅप लागतील, म्हणजे मूळ फ्यूजच्या खाचेत बसून तिथूनच जादा वायर काढून देणारे तुकडे. ते मिनी, लो प्रोफाइल मिनी, मायक्रो टू अशा मापात येतात, एक फ्यूज उपटून दुकानात घेऊन जा, डोळ्यांनी अंदाज करू नका, मिनी आणि लो प्रोफाइल मिनी लांबून सारखेच दिसतात. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, साधा मल्टिमीटर तिथे काही शे रुपयात मिळतो. जुना बल्बवाला टेस्टर नको, बल्ब स्वतःच बराच करंट ओढतो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर तो लावायचा नसतो. प्लॅस्टिकचे ट्रिम टूल, १० चा पाना, झिप टाय, आणि कापडी टेप. काळी पीव्हीसी टेप विदर्भातल्या मे महिन्यात चिकट लापशी होते.

फ्यूज बॉक्स कुठे ते मॅन्युअलमध्ये बघा, बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समागे असतो. बोनेटमध्ये दुसरा असतो, तो या कामाचा नाही. एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टीअरिंग, बॅटरी मॅनेजमेंट, चार्जिंग असल्या नावाच्या फ्यूजला हात लावायचा नाही. सॉकेट, मागचा वायपर, सनरूफ, आतला दिवा अशा फ्यूजांमधून निवडायचं.

आणि खरं काम इथे आहे, वायरिंग नंतरची गोष्ट. ईव्हीत किल्ली फिरवली की एसीसी आणि काढली की बंद असं सरळ नसतं. लॉक केल्यावरसुद्धा गाडीतले मॉड्यूल काही मिनिटं जागे असतात. तुम्ही लगेच मीटर लावलात तर एसीसीचा फ्यूजही कायम सप्लायचा वाटेल. दार उघडं असेल तर ती झोपतच नाही. त्यासाठी युक्ती: दार उघडं ठेवून त्याच्या कडेच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हरने ती कोयंडी दाबून आत बसवा, गाडीला दार बंद वाटतं, मग लॉक करा, किल्ली घरात नेऊन ठेवा (जवळ ठेवलीत तर गाडी परत जागी होते) आणि वीसेक मिनिटांनी या. नंतर हँडल ओढून लॅच सोडवायला विसरू नका, तसंच दार आपटलंत तर लॅच वाकेल.

मीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब बॉडीच्या बोल्टला, लाल प्रोब फ्यूजच्या पाठीवर जे दोन बारीक धातूचे ठिपके दिसतात त्यावर, फ्यूज उपटायचीही गरज नाही. चार वेळा बघा: गाडी रेडीमध्ये, झोपलेली, चार्जिंगला लावलेली, आणि ॲपवरून एसी चालू केलेली. तिसरी आणि चौथी तपासणी पेट्रोलवाल्यांच्या व्हिडिओत सापडणार नाही. काही ईव्हीत चार्जर लावला की एसीसीच्या काही लाइनी जाग्या होतात, मग कॅमेऱ्याला वाटतं गाडी चालली आहे आणि रात्रभर पार्किंग मोड (उभ्या गाडीतलं कमी करंटवरचं रेकॉर्डिंग) सोडून फुल रेकॉर्डिंग करत बसतो. चार्जिंगमध्ये १२ व्होल्ट भरत असेल तर बॅटरीचं काही बिघडत नाही, पण कार्डवर सात तास भिंतीचा व्हिडिओ येतो आणि तुम्हाला हवा तो क्लिप पुसला गेलेला असतो. चार्जिंगलाही मेलेला राहणारा फ्यूज मिळाला तर तो एसीसीला घ्या. कायम सप्लायला तो घ्या जो चारही वेळा १२ च्या वर दाखवतो.

जोडणी करताना गाडी बंद, चार्जर काढलेला, आणि १२ व्होल्टची निगेटिव्ह सोडणार असाल तर आधी काच खाली करा आणि बोनेट उघडं ठेवा. आधी अर्थ. बॉडीला थेट बसलेला बोल्ट शोधा, रंगावर बसलेला नको, मीटरवर बॅटरीच्या निगेटिव्हशी १ ओहमच्या आत यायला हवा. हाय व्होल्टेजची बाजू बॉडीपासून वेगळी ठेवलेली असते आणि १२ ची निगेटिव्ह बॉडीला असते, त्यामुळे केबिनमधला बोल्ट बिनधास्त, फक्त नारिंगी केबलच्या आसपासचे किंवा मोटरच्या इन्व्हर्टरच्या बॉडीचे बोल्ट सोडून.

फ्यूज टॅप उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून ही चूक लक्षातच येत नाही. मूळ फ्यूज काढा आणि खाचेतल्या दोन कप्प्यांपैकी कुठे १२ येतात ते बघा (एसीसीची खाच असेल तर गाडी रेडीमध्ये ठेवून), ती आवक. आता टॅप हातात घ्या, त्यात एकही फ्यूज न घालता मीटर कंटिन्यूइटीवर (जोड असला की बीप देणारी सेटिंग) लावा: त्याचा एक पाय दोन्ही फ्यूजच्या खोबणींना जोडलेला निघेल, दुसरा फक्त एकाच. दोघांना जोडलेला पाय आवकेच्या बाजूला गेला पाहिजे, म्हणजे जुना फ्यूज जुन्याच सर्किटला सांभाळतो आणि कॅमेरा त्याच्या वेगळ्या फ्यूजवर राहतो. उलटं झालं तर कॅमेऱ्याचा करंटही जुन्या फ्यूजमधून जातो. जुन्या जागी फ्यूज जेवढ्याचा होता तेवढ्याचाच, कॅमेऱ्याला किटमध्ये दिलेला, साधारण २ किंवा ३ ॲम्पचा. टॅप बसवल्यावर झाकण लागतंय का तेही बघा, काही टॅप उंच असतात.

वायर काचेच्या वरच्या कडेने आत दाबत न्या आणि ए-पिलरमधून खाली उतरवा. तिथे पडद्याची एअरबॅग असते, वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून कधीच नाही, नाहीतर एअरबॅग उघडताना ती वायर चाबकासारखी येईल. ट्रिम काढायचं धाडस नसेल तर एवढं एक काम माहीतगार माणसाकडून करून घ्या. कॅमेरा आरशामागे, पण गाडीत अडास (ADAS, चालकाला मदत करणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या कॅमेऱ्याच्या समोर नको.

कट-ऑफचं, म्हणजे बॅटरी किती व्होल्टला उतरली की किटने कॅमेरा बंद करायचा याचं, गणित मात्र स्वतः करा. लेड ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६-१२.७ व्होल्ट, १२.२ ला साधारण अर्धी, ११.८ ला जवळपास संपली. किटमध्ये ११.६ पासून १२.२-१२.४ पर्यंत पर्याय मिळतात, ईव्हीत १२.२ च्या खाली जाऊच नका, दुकानदार ११.६ वर ठेवून देतो कारण मग ग्राहक "कॅमेरा लवकर बंद होतो" म्हणून परत येत नाही. पार्किंग मोडमध्ये पाव ॲम्प धरा: दहा तासांची रात्र म्हणजे अडीच एएच (ॲम्प गुणिले तास), पण शुक्रवारी संध्याकाळी लावून सोमवारी सकाळी काढलीत तर साठ तास, १५ एएच, आणि बॅटरी समजा ४० एएचची असेल तर तिचा तिसऱ्यापेक्षा जास्त भाग गेला. म्हणून टाइमरही लावा, १२ तास पुरे. ह्युंदाईच्या ईव्हीत उभ्या गाडीत मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टला आपोआप चार्ज द्यायची सोय आहे, तुमच्या गाडीत असेल तर जरा मोकळं राहता येईल.

टेस्ला किंवा बीवायडीच्या काही मॉडेलात १२ व्होल्टच्या जागी लिथियम असते, तिथे वरचे आकडे सोडून द्या. तिचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो, लेड ॲसिडच्या हिशोबाने लावलेला कट-ऑफ फार उशिरा जागा होतो, शिवाय टेस्लाचा तर १६ च्या आसपास असतो तेव्हा किट तेवढा झेपतो का ते आधी बघा. असल्या गाडीत नुसती एसीसी जोडा किंवा डॅशकॅमसाठीचा वेगळा बॅटरी पॅक घ्या जो गाडी चालताना भरतो.

उन्हात कॅमेऱ्यातली लिथियम बॅटरी फुगते म्हणून बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर असलेला घ्या, कार्ड हाय एन्ड्युरन्स, म्हणजे सतत रेकॉर्डिंग सोसणारं. मोशन डिटेक्शन बंद करून फक्त धक्क्यावर रेकॉर्डिंग ठेवा, सोसायटीतलं मांजर बोनेटवर झोपायला येतं त्याचे दोनशे क्लिप कोणाला हवेत.

सगळं झाल्यावर एक रात्र थांबा. संध्याकाळी लॉक करण्याआधी १२ व्होल्टच्या टर्मिनलवर मीटर लावून आकडा लिहून ठेवा, सकाळी गाडी अनलॉक न करता परत मोजा, बोनेट आधीच नुसतं टेकवून ठेवलं असेल तर हे जमतं. ०.१-०.२ ने उतरला तर ठीक, त्याहून जास्त उतरला तर एसीसीची वायर चुकीच्या फ्यूजवर आहे किंवा गाडी झोपतच नाहीये, दोन्ही टॅप काढून परत तपासा. सर्व्हिसला देताना टॅप काढून मूळ फ्यूज लावून द्या, एकही वायर कापलेली नसल्यामुळे पाच मिनिटांचं काम आहे आणि वॉरंटीवरून हुज्जत घालायला कोणाला निमित्त मिळत नाही.