८ जीबीचा लॅपटॉप, दोन व्हर्च्युअल मशीनं आणि माझे वाया गेलेले तीन आठवडे

लिनक्सचा सराव करायला घरात चार संगणक लागत नाहीत, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, पुरतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन कसं चालू करायचं, नेटवर्कला नॅट घ्यायचं की ब्रिज्ड, यावर मी लिहीत बसत नाही. मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

कळव्यात दोन खोल्यांचं घर. बाबांनी हप्त्यावर घेऊन दिलेला ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, आत साधी फिरणारी हार्ड डिस्क. नौपाड्यातल्या क्लासमध्ये सरांनी सांगितलं होतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (अशी मशीनं चालवणारा प्रोग्राम) मेमरीची पट्टी हिरव्यात आहे ना, मग बिनधास्त चालवा. मी उबुंटू डेस्कटॉपला ३ जीबी दिले, विंडोज सर्व्हरला २. दोन्हीकडे हिरवं. दोन्ही एकदम चालू केली आणि पंधरा मिनिटांत माउसचा बाण रखडायला लागला.

टास्क मॅनेजर उघडलं. डिस्क १०० टक्के, मेमरी ९५ च्या पुढे. यादीत सगळ्यात वर क्रोम. व्हर्च्युअलबॉक्सच्या नावापुढे जेमतेम शे-दीडशे एमबी. झालं, क्रोम चोर ठरला! मी त्याची एक्स्टेन्शन्स काढली, अँटिव्हायरस बदलला, एका व्हिडिओत पाहून रॅम बूस्टर टाकला (असलं काही टाकू नका, त्याने मेमरी वाढत नाही, जाहिराती वाढतात), शेवटी विंडोजच नव्याने टाकलं. तीन आठवडे असेच गेले. आणि खरा मूर्खपणा तर पुढेच आहे. उबुंटू रखडतंय म्हणजे त्याला मेमरी कमी पडतेय, असं समजून मी ३ चे ४ जीबी केले. ते आणखीच रखडलं.

हा सापळा नीट समजून घ्या, म्हणून जरा लांबण लावते. इथे हिशेबाच्या वह्या दोन असतात. एक गेस्टची, म्हणजे आतल्या मशीनची, एक होस्टची, म्हणजे लॅपटॉपवरच्या विंडोजची. गेस्टला ३ जीबी दिले की तो आपल्या वहीत ३ जीबी मांडतो आणि मजेत राहतो. लिनक्सला मोकळी मेमरी ठेवायची सवय नाही. वाचलेल्या फायली तो कॅशे म्हणून साठवत जातो. आत फ्री कमांड चालवली तर दीड-दोन जीबी 'अव्हेलेबल' दिसतात, कारण वेळ आली की कॅशे सोडता येतो. पण होस्टला आतलं काही कळत नाही. गेस्टने मेमरीच्या ज्या पानाला, म्हणजे तुकड्याला, एकदा हात लावला, ते होस्टच्या वहीत गेलंच. गेस्टच्या दृष्टीने ते आता बिनकामाचं असलं तरी आपोआप परत येत नाही. सोसायटीतलं राखीव पार्किंग आठवा. गाडी गावाला गेली म्हणून तिथे तुम्ही आपली लावू शकता का?

शिवाय ही मेमरी व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर थेट कर्नलकडून, म्हणजे विंडोजच्या गाभ्याकडून घेतो, म्हणून टास्क मॅनेजरच्या यादीत ती प्रोसेसच्या नावावर दिसत नाही. यादीची बेरीज करा आणि परफॉर्मन्स टॅबमधल्या वापराच्या आकड्याशी ताडून पाहा. काही जीबींचा फरक निघाला तर ते तुमचं मशीन. ती मेमरी जागची हलत नाही, म्हणून विंडोज बाकीच्यांना, म्हणजे ब्राउझरला, एक्सप्लोररला, उचलून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं. गेस्टची व्हर्च्युअल डिस्कही त्याच हार्ड डिस्कवर. मग गेस्ट रखडतो तो मेमरीसाठी नाही, डिस्कसाठी. आणि आपण त्याला आणखी मेमरी देतो!

हे मला आमच्या बिल्डिंगमधल्या एका दादाने दाखवलं. महापेला डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. मी तक्रार सांगायला लागले तर म्हणाला, "आधी बेरीज दाखव." विंडोज ३, ब्राउझर दीड, मशीनं अगदी सुरुवातीची ३ आणि २. साडेनऊ! ८ मध्ये साडेनऊ कुठून बसणार? मला खरंच लाज वाटली. हिरव्या पट्टीचं म्हणाल तर ती लॅपटॉपमध्ये एकूण रॅम किती यावरून ठरते, या क्षणी मोकळी किती यावरून नाही, आणि शेजारचं दुसरं मशीन ती मोजत नाही. क्लासचे सर वाईट नव्हते, पण त्यांच्या टेबलावर ३२ जीबी होते. ज्याने ८ वर दिवस काढलेले नाहीत त्याचं 'बिनधास्त' मी आता दोनदा तपासते. 'रॅम वाढव, विषय संपव' म्हणणारेही तसलेच. हप्ते कोण भरणार? आणि काही लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच जोडलेली असते, वाढवायची सोय नसते. पैसे काढण्याआधी तेवढं बघा.

घाबरू मात्र नका, ८ जीबीत शिकता येतं. मी शिकलेच की. डेस्कटॉप काढा, नुसतं सर्व्हर लिनक्स टाका; कमांडचा सराव, एसएसएच (दुसऱ्या मशीनमध्ये दुरून लॉगिन), वेब सर्व्हर, सगळं १ जीबीत होतं. अशी दोन मशीनं आरामात चालतात. विंडोज सर्व्हर एकट्यालाच चालवा, तेव्हा ब्राउझर बंद. मशीन पॉज केलं की रॅम सुटते असं मला कितीतरी दिवस वाटायचं. सुटत नाही. सेव्ह स्टेट करा (मशीनची स्थिती डिस्कवर ठेवून ते थांबतं) किंवा बंद करा. एसएसडी टाकलीत तर रखडणं कमी जाणवेल, पण बेरीज काही बदलत नाही.

आता ऐरोलीत नोकरीला आहे, ऑफिसचा लॅपटॉप १६ जीबीचा. परवा विंडोजवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवायचं साधन) चालवलं आणि तासाभरात तोच रखडणारा माउस. डॉकरच्या खाली डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) असतं, म्हणजे तेही व्हर्च्युअल मशीनच, आणि मर्यादा घातली नाही तर ते निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ४ जीबीची मर्यादा लिहिली, ते बंद करून परत चालू केलं. मर्यादा घालण्याआधी पाहिलं, तर या वेळी निदान टास्क मॅनेजरच्या यादीत चोराचं नाव होतं: व्हीएममेम (म्हणजे डब्ल्यूएसएलचं मशीन), ७ जीबी.