पाणकणीस: लावायचं कसं, आवरायचं कसं

पाणकणीस (पाणथळीत वाढणारी, लांब पानांची आणि कणीस धरणारी वनस्पती) बियांपासून लावण्याच्या फंदात पडू नका. एका कणसात लाखाच्या वर बी असतं, पण रुजायला त्याला उघडा, ओला, उन्हातला चिखल लागतो. (नको त्या तळ्यात मात्र हेच बी वाऱ्यावर येऊन आपसूक उगवतं.) चिखलातल्या आडव्या खोडाचे १०-१५ सेमीचे तुकडे घ्या. प्रत्येकावर एक तरी टपोरा पांढरा कोंब हवा. पानं छाटा, पण छाटलेली टोकं पाण्याबाहेर राहतील एवढी लांब ठेवा.

सांडपाणी वनस्पतींच्या मदतीने स्वच्छ करायच्या खडीच्या वाफ्यात लावणार असाल, तर खडी धुऊनच भरा. न धुतलेली खडी मातीने बुजते, मग पाणी वरून वाहतं आणि डास होतात. चौरस मीटरला २ ते ४ तुकडे पुरतात. नवे फुटवे येईपर्यंत पाणी खडीच्या वरच्या थराशी ठेवा आणि सांडपाणी हळूहळू वाढवत न्या. पाणकणसाची मुळं साधारण ३० सेमीच उतरतात. वाफा ६० सेमी खोल केलात, तर खालचं निम्मं पाणी मुळांना न शिवताच निघून जातं.

नैसर्गिक पाणथळीत अडचण उलटी असते. पाण्याची पातळी वर्षभर एकसारखी राहिली आणि शेतातलं खत वाहून येत असलं, की लव्हाळे मागे पडतात आणि उरतं नुसतं पाणकणीस. पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होऊ द्या. तेवढ्याने भागलं नाही तर कापणी, पण ती पाण्याखालीच. पान आडवं कापून पाहा, आत हवेचे कप्पेच कप्पे दिसतील. त्यांतूनच चिखलातल्या खोडाला हवा मिळते आणि वाळका बुडखाही हे काम करतो. म्हणून एकही खुंट पाण्याबाहेर राहता कामा नये. राहिला तर सगळी मेहनत वाया. कणीस धरायच्या सुमारास कापा, तेव्हा खोडातला पिष्टाचा साठा सर्वांत कमी असतो. पुढचे काही आठवडे खुंटांवर पाणी टिकलं पाहिजे. कापलेला पाला बाहेर काढा, नाहीतर कुजून त्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतं.

फरक पडला का, हे नजरेच्या अंदाजाने ठरवू नका. काठापासून आत दोरी ताणा, दर ५ मीटरवर १ मीटर चौरस चौकट ठेवा आणि पाण्याची खोली, जिवंत दांडे, वाळके दांडे आणि चौकटीतल्या इतर वनस्पती वेगवेगळ्या नोंदवा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा मोजा.