उष्ण हवेत इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर घेताय? या चुका टाळा

टेस्ट ड्राइव्ह बहुतेक जण सकाळी घेतात. गाडी रात्रभर आत उभी असते, बॅटरी गार, केबिनही गार. अशा वेळी कुठलीही इलेक्ट्रिक गाडी मन जिंकते आणि तिथेच पहिली चूक होते. तुमच्या भागात पारा चाळिशीच्या पुढे जात असेल तर गाडी भर दुपारी मागा, आणि त्याआधी तिला तासभर उन्हात उभी करायला सांगा. मग एसी लावून मागच्या सीटवर बसा. क्रॉसओव्हरची, म्हणजे एसयूव्हीसारख्या उंच बांध्याच्या कारची, केबिन मोठी आणि काचाही मोठ्या असतात, त्यामुळे पुढे गारवा आला तरी मागे बसलेल्यांचा घाम लवकर जिरत नाही. छत काचेचं असेल तर वर हात नेऊन झळ किती लागते ते पाहा. सरकता पडदा नसलेलं काचेचं छत उष्ण हवेत मी तरी घेणार नाही, ते कितीही देखणं असो.

रेंजचा आकडा पाहून भुलणं

माहितीपत्रकातली रेंज (एका चार्जवर गाडी जाते ते अंतर) डब्ल्यूएलटीपी या आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणीची असेल, तर ती २३ अंशांच्या खोलीत, एसी बंद ठेवून मोजलेली असते. उन्हात तापलेली केबिन गार करताना एसी सुरुवातीला ३ ते ५ किलोवॅट खेचतो आणि मग एक-दीड किलोवॅटवर येतो. दीड धरून हिशोब करू. २० किलोमीटर अंतर ताशी ८० च्या वेगाने पाव तासात होतं आणि एसीला ०.४ युनिटसुद्धा लागत नाही. तेच अंतर गर्दीत ताशी २० ने कापलं, तर तासभर एसी चालतो आणि दीड युनिट जातं. एवढ्या अंतरासाठी गाडीला चालायला लागतात साधारण ३ युनिट. म्हणजे खर्च दीडपट झाला!

उन्हाळ्यात रेंज अचानक घटली की लोक बॅटरी खराब झाली म्हणून घाबरतात. आधी स्क्रीनवर एसीला किती वीज गेली ते बघा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. निघण्याआधी, गाडी चार्जरला जोडलेली असतानाच ॲपवरून केबिन गार करून घेतली, तर तो सुरुवातीचा मोठा खर्च बॅटरीवर पडत नाही.

बॅटरी गार कशी राहते, हे न विचारणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. किती किलोमीटर जाते, हे सगळे विचारतात. बॅटरीतली उष्णता बाहेर कशी पडते, हे फार थोडे विचारतात. लिथियम-आयन सेल जितका जास्त वेळ तापलेला राहतो, तितका लवकर म्हातारा होतो. हे एकदा मोठ्या प्रमाणावर दिसून आलंय. सुरुवातीच्या निसान लीफमध्ये बॅटरीला द्रवाने गार करण्याची सोय नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी उन्हात अनेक मालकांच्या लक्षात आलं, की क्षमता दाखवणाऱ्या १२ पट्ट्यांपैकी काही एक-दोन वर्षांतच विझल्या आहेत. त्यानंतर कंपनीने ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांपर्यंत क्षमतेची वॉरंटी दिली आणि पुढे उष्णता जास्त सोसणारी बॅटरीही आणली.

म्हणून स्पष्ट विचारा: कूलिंग हवेचं की कूलंटचं, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचं? ते एसीच्या गॅसशी जोडलेलं आहे का? गाडी उभी असताना, चार्ज होत असताना ते चालतं का? बाहेरच ४५ अंश असतील तर नुसता पंखा बॅटरीला त्याखाली आणू शकत नाही, एसीची जोड लागतेच. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर सर्व्हिस विभागात जाऊन विचारा, पण उत्तर घेतल्याशिवाय बुकिंग करू नका.

सेलचा प्रकारही विचारा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी जरा जड असते, पण चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं जास्त सोसते आणि उष्णतेत अधिक स्थिर राहते. निवड हाती असेल तर मी रेंज थोडी कमी घेऊन एलएफपी घेईन. दुसरा प्रकार, एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्टची), घेतलीत तर रोज ८० टक्क्यांवर थांबा. एलएफपी अधूनमधून १०० टक्के करायला पुस्तिकेत सांगितलेलं असतं. ते जरूर करा, पण निघण्याच्या थोडं आधी. पूर्ण चार्ज करून गाडी दिवसभर उन्हात सोडणं दोन्ही प्रकारांना वाईट.

हीट पंपासाठी, म्हणजे कमी विजेत केबिन उबदार करणाऱ्या यंत्रणेसाठी, मात्र जादा पैसे मोजू नका. त्याची खरी बचत थंडीत होते.

फास्ट चार्जरवर वेग पडला की चार्जर बदलत बसणं

महामार्गावर दोन तास गाडी पळवून चार्जरला लावली आणि १०० किलोवॅटच्या जागी ४० च मिळताहेत? चार्जरला दोष देण्याआधी बॅटरीचा विचार करा. तापलेल्या बॅटरीला जपण्यासाठी गाडीच वीज कमी घेते. शेवटची पंधरा-वीस मिनिटं वेग उतरवा, आणि नेव्हिगेशनमध्ये चार्जर आधी टाकल्यावर बॅटरी चार्जिंगसाठी योग्य तापमानाला आणून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा. सावलीतला चार्जर मिळाला तर उत्तमच. चार्जिंगच्या वेळी बोनेटखालून पंख्याचा मोठा आवाज येतो, तो कूलिंगचा आहे, घाबरू नका. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकलं तर ते एसीचं. रंगीत आणि बुळबुळीत असेल तर कूलंट गळतोय. अशा वेळी त्यात साधं पाणी किंवा हाती लागेल तो कूलंट ओतू नका. बऱ्याच गाड्यांना वीज कमी वाहून नेणारा खास कूलंट लागतो.

घरी अर्ध्या तासाच्या चार्जिंगनंतर प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, पण चटका बसत असेल तर चार्जिंग तिथेच थांबवा आणि सॉकेट, वायरिंग, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. केबल वेटोळं करून ठेवू नका, ती आतल्या आत तापते. आणि एक्स्टेंशन बोर्ड नकोच.

टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. तापमान साधारण ६ अंशांनी चढलं की दाब १ पीएसआयने वाढतो. तापलेल्या टायरमधून हवा काढलीत तर सकाळी तो कमी भरतो, आणि या गाड्या मुळातच जड असतात.

वॉरंटीचा कागद शोरूममध्ये बसूनच वाचा. ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर हे ठळक छापलेलं असतं. क्षमता ७० टक्क्यांखाली गेल्यावर भरपाई आहे की फक्त बिघाडाची, आणि क्षमता मोजणार कोण, हे बारीक अक्षरांत असतं. गाडी जुनी असेल तर क्षमतेचा लेखी अहवाल मागा आणि ती याआधी उघड्यावर उभी राहायची की छताखाली, तेही विचारा. १२ व्होल्टची छोटी बॅटरीही तपासून घ्या. उष्णतेने ती लवकर बसते, आणि ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.