क्रेडिटचं टेबल मागून घ्या

सरकारी बँकेत स्केल वनला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या पहिल्या पायरीवर लागून मी डीजीएम (उपमहाव्यवस्थापक) होऊन निवृत्त झाले. त्यामुळे नौपाड्यात आमच्याकडे कुणाची ना कुणाची मुलगी येतेच, "काकू, वर जायचं तर काय करू?" बहुतेकींना आधी परीक्षांचं विचारायचं असतं. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षा द्या आणि लवकर उरका, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. त्यापेक्षा टेबल कुठलं मिळतंय तिकडे लक्ष ठेवा.

शाखेत नवी मुलगी आली की साहेब तिला केवायसी, लॉकर असलं काहीतरी देतात. "तुला बरं पडेल, वेळेवर घरी जाशील." हेतू वाईट नसतो. पण पुढे बढतीच्या मुलाखतीत विचारतात, कर्जं किती कोटींची सांभाळली, एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, वसूल किती केली. लॉकरच्या चाव्यांबद्दल तिथे कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून पुढच्या पायरीवर, स्केल टूला असतानाच क्रेडिट, म्हणजे कर्जांचं टेबल मागा. तोंडी नको, मेल करा. तोंडी मागितलेलं साहेबांची बदली झाली की हवेत जातं.

आणि क्रेडिट खुर्चीत बसून येत नाही. तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या मिरचीच्या व्यापाऱ्याचं कॅश क्रेडिट खातं (मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज) असेल, तर गोदामात स्वतः जा. दाराशी रचलेली थप्पी बघून, चहा पिऊन परतू नका. मागच्या भिंतीपर्यंत जा, थप्प्यांवरून पोत्यांचा हिशेब काढा, मधलं एखादं पोतं उघडायला लावा. नाकाला रुमाल बांधून जा, मिरची अधिकाऱ्याची भीड ठेवत नाही. विम्याची पॉलिसी चालू आहे ना आणि तिच्यात बँकेचं नाव आहे ना, तेही तिथेच बघा. मग व्यापाऱ्याने दिलेला मालाचा तक्ता, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट काढा. माल 80 लाखांचा, पण त्यातला 30 लाखांचा उधारीवर आणलेला, म्हणजे तो वजा. उरलेल्या 50 वर 25 टक्के मार्जिन, म्हणजे व्यापाऱ्याचा स्वतःचा वाटा धरला तर त्या मालावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलता येणारी रक्कम 37.5 लाख. व्यापारी 60 मागत असला तर कागद त्याच्यापुढे सरकवायचा. आवाज चढवावा लागत नाही. व्हिजिट रिपोर्ट मात्र त्याच संध्याकाळी लिहा.

बदलीचं नाव काढलं की घरात चेहरे पडतात. पुष्कळ बँकांत ग्रामीण किंवा निमशहरी शाखेत काढलेली वर्षं बढतीला लागतात, ती टळत नाहीत. माझं मत विचाराल तर मूल लहान असतानाच ती उरकून घ्या. बालवाडी कुठेही मिळते. दहावीच्या वर्षी घर हलवणं अवघड. सासू-सासरे, नवरा यांच्याशी ऑर्डर हातात पडायच्या आधी बोला, नंतर सगळेच दुखावलेले असतात.

बाळंतपणाची रजा 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे आहे. ती पूर्ण घ्या, संकोच नको. फक्त जाण्याआधी त्या वर्षी केलेलं काम आकड्यांत मांडून वरिष्ठांना मेल करा, नाहीतर अप्रेझलच्या वेळी "तुम्ही तर रजेवर होता" हे ऐकावं लागतं.

अरुंधती भट्टाचार्य 1977 मध्ये स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या आणि 2013 मध्ये तिच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मधल्या काळात न्यूयॉर्कचं ऑफिस, एसबीआय कॅपिटल मार्केट्स, एचआर असं बरंच केलं. एचआर वाईट नाही, पण नुसत्या एचआरवर थांबू नका.

खाजगी बँकेत असाल तर तिथेही धंद्याचं टार्गेट ज्या खुर्चीवर आहे, ती मागा.

शाखेचा चार्ज घ्याल त्या दिवशी ठेवी, कर्जं, एनपीए आणि कासाचे (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवींचे) आकडे वहीत टिपून ठेवा. खातेदारांची नावं नकोत, गोळाबेरीज पुरते. चार्ज सोडताना शेजारच्या रकान्यात पुन्हा तेच आकडे लिहा. मुलाखतीला जाण्याआधी ते पान पाठ करा आणि "आम्ही केलं" न म्हणता "मी केलं" म्हणा.